वीस टक्क्यांचा हिशेब

सेलची पाटी दिसली की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, ‘आधी भाव चढवला असेल, आता उतरवतायत.’ जॉन वॉनामेकरच्या १९२०च्या सेलबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हाही हेच म्हणालो.

मे महिन्याच्या सुरुवातीला त्यानं फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या आपल्या अवाढव्य दुकानांत जवळजवळ सगळ्या मालावर २० टक्के सूट जाहीर केली. महायुद्ध संपून दीड वर्ष झालं होतं, पण महागाई हटत नव्हती. एप्रिलमध्ये तर कपड्यांच्या भावाला वैतागून कारकून आणि कॉलेजातली पोरं मजुरांच्या डांगऱ्या घालून हिंडत होती. सरकार नफेखोरांवर खटले भरत होतं. अशा वेळी ८१ वर्षांचा धनाढ्य व्यापारी म्हणतो, महागाई मोडायला कुणीतरी सुरुवात केली पाहिजे! मला ते सोंग वाटलं. व्याज महाग होत चाललंय, गिऱ्हाईक आखडतंय, तेव्हा भाव पडायच्या आत माल खपवून मोकळा झाला, एवढंच. वर लोकसेवेचं पुण्यही पदरात.

ही शंका माझी अजून गेलेली नाही. बदललं ते वेगळंच. भाव पडले म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदा आणि दुकानदाराची खोड मोडली, एवढं सरळ गणित मी मांडत होतो. त्याला तडा गेला तो कॅन्सस सिटीतल्या एका दुकानामुळं. हॅरी ट्रुमन आणि त्याचा लष्करातला दोस्त एडी जेकबसन यांनी १९१९च्या नोव्हेंबरात पुरुषांच्या शर्ट-टायचं दुकान थाटलं. माल भरला तो तेजीच्या भावानं. पहिलं वर्ष झोकात गेलं. पण १९२०च्या मध्यानंतर भाव घसरायला लागले आणि वर्षभरात घाऊक बाजार एकतृतीयांशाहून जास्त खाली आला. कपाटातला शर्ट तोच, त्याची किंमत मात्र दिवसागणिक कमी. कर्जाचा आकडा जागचा हलेना. शिवाय शेतमालाचेही भाव कोसळल्यानं त्या भागातलं गिऱ्हाईक रिकाम्या खिशानं फिरू लागलं. १९२२मध्ये दुकान बंद झालं. ट्रुमननं नादारी घेतली नाही, देणी पुढं वर्षानुवर्षं फेडत राहिला. हा माणूस पुढं राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून त्याची हकीकत आपल्याला ठाऊक. बाकीच्यांची कोण लिहिणार?

आपल्याकडंही तेव्हा तेच चाललं होतं. रुपयाचा विनिमयदर घसरला आणि विलायती कापडाच्या जुन्या ऑर्डरी इथल्या व्यापाऱ्यांच्या अंगावर आल्या. कित्येकांनी माल सोडवून घ्यायलाच नकार दिला. मी पूर्वी याला सरळ लबाडी म्हटलं असतं. आता तितकं ठणकावून म्हणवत नाही.

त्यामुळं सेल खरा की खोटा, हा प्रश्न मला हल्ली दुय्यम वाटतो. सूट कुणाच्या खिशातून जाते ते मी आधी बघतो. वॉनामेकर धूर्त असेल, पण ते २० टक्के त्यानं स्वतःच्या गल्ल्यातून सोडले. त्याच वर्षी सप्टेंबरात हेन्री फोर्डनं मॉडेल टी गाडीचा भाव ५७५ डॉलरवरून ४४० वर आणला आणि त्याचाही गाजावाजा झाला. त्यानं मालपुरवठादारांना दर उतरवायला लावले. मंदी वाढली तेव्हा न मागितलेल्या गाड्या डीलरांच्या दारात पाठवल्या, पैसे रोख. डीलरांनी गावातल्या बँकांतून कर्जं काढून ते भरले. फोर्ड सावकारांच्या दारात न जाता तरला, आणि या चातुर्याचं मी एकेकाळी मनापासून कौतुक करायचो.

वॉनामेकरबद्दल मात्र मी कधी बरा शब्द काढला नव्हता.