विहिरीचं पाणी आणि वाईनची खोली

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि कमरेच्या जुडग्यात वाईनच्या खोलीची किल्ली. गावात यावरून चेष्टा चालते. "मिस्त्री, नुसत्या वासानं तरी चढत असेल की," असं पारावरचे म्हणतात. चढत नाही. बाटल्या बंद असतात, आणि वास आलाच तर कुठलं तरी बूच गळायला लागलंय, एवढाच त्याचा अर्थ.

धंदा माझा गारव्याचा. वडील वालचंदनगरला फिटर होते. आमचं कळंब त्याला लागूनच. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इथल्या माळावर साखर कारखाना काढला आणि त्यातून ते नगर वसलं. मी आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलो नि द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर लागलो. बोरीच्या बाजूचा माल सुरू झाला की आम्हाला झोप नसते. बागेतून आलेला घड आधी प्रिकूलिंगमध्ये चार अंशांपर्यंत उतरवायचा, मग शून्य-एक अंशावर, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवायचा. पेटीत सल्फरचा कागद असतो, तो बुरशी रोखतो आणि आमच्या तांब्याच्या कॉइल खातो. सगळं आयुष्य त्या वासात गेलं.

म्हणून कळंबातल्याच एका बागायतदार दादांनी "घरामागं वाईनसाठी तळघर काढायचंय" म्हणून बोलावलं, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या भागाला वाईन आता परकी राहिलेली नाही. पाटस-बारामती रस्त्यावर रोटीला फोर सीझन्सची वायनरी उभी आहे, फ्रेंच गढीसारखी. नीरा ओलांडून अकलूजकडे गेलं की मोटेवाडीला फ्रातेल्ली आहे. मोहिते-पाटलांनी दिल्लीच्या आणि इटलीच्या भावांबरोबर मिळून ती काढली. राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण २००१ साली आणलं, त्यानंतरचा हा सगळा विस्तार. दादा मोटेवाडीला पाहुण्यांना घेऊन गेले, तिथली ओकची पिंपं ठेवलेली गार, अंधारी खोली बघून आले आणि त्यांच्या डोक्यात तळघर बसलं. मुलगा परदेशात, येताना तोही बाटल्या आणतो. त्या सगळ्या माडीवर, पत्र्याखालच्या कपाटात उभ्या होत्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या कपाटातल्या वाईनचं काय झालं असेल ते मी न चाखता सांगू शकतो.

दादांचं म्हणणं सरळ होतं. "वीस फूट खाली जाऊ. जमिनीखाली गार असतंच की. फ्रान्सात कुठं एसी लावलेत?"

"दादा, विहिरीत थर्मामीटर सोडून बघू," मी म्हटलं.

जानेवारीतली पहाट होती. बाहेर अंगात स्वेटर आणि विहिरीतून वाफा निघत होत्या. मोटर लावून बादली भरली, थर्मामीटर सोडला. पारा सव्वीसच्या आसपास थांबला. दादा म्हणाले, "हिवाळ्यात विहीर कोमट असतीच." मी म्हटलं, उन्हाळ्यात परत बघू. मेमध्ये तीच विहीर, तीच बादली, पारा जवळपास तिथेच. उन्हाळ्यात ते पाणी आपल्याला गार लागतं कारण बाहेर चाळीस असतात; हिवाळ्यात कोमट लागतं कारण बाहेर दहा-बारा असतात. पाणी बदलत नाही, आपण बदलतो. काही पुरुष खोल गेलं की जमीन वर्षभराच्या हवेची सरासरी धरून बसते. शँपेन प्रांतात ही सरासरी दहा-अकराच्या घरात आहे, म्हणून रँसच्या खडूच्या खाणींत, ज्या रोमन लोकांनी दगडासाठी खणायला घेतल्या होत्या, आजही बारा महिने दहा-बारा अंश मिळतात. आमची सरासरी पंचवीस-सव्वीस. इथे वीस फूट खणा नाहीतर पन्नास, वाईनला लागणारे बारा ते चौदा अंश माती देणार नाही. ते यंत्रानेच आणावे लागतात.

दादांनी शेवटचा डाव टाकला : सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवात वर्षानुवर्षं राहायची ना? राहायची. पण पेवाचा गुण गारव्याचा नाही, हवाबंदपणाचा आहे. हळदीला कोरडं आणि कोंडलेलं चालतं. वाईनच्या बुचाला कोरडं चालत नाही. ते वाळलं की आक्रसतं आणि हवा आत शिरते. म्हणून ६० ते ७० टक्के आर्द्रता हवी. त्याहून जास्त झाली की लेबलांना बुरशी.

तडजोड अशी झाली की खोली घराच्या उत्तर अंगाला, अर्धी जमिनीत. "चार पायऱ्या तरी उतरायला पाहिजेत, नाहीतर पाहुण्याला काय वाटंल?" हे दादांचं कलम मला शेवटपर्यंत पटलं नाही, पण घर त्यांचं. त्या चार पायऱ्यांपायी निम्मा खर्च वाढला हे मात्र इथे नोंदवतो. काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत तडकणारच. मुरूम लागेपर्यंत खोदून पाया तिथे धरला. दुसरं भय पाण्याचं. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की आमच्या विहिरींची पातळी चढते, आणि शेजारी ऊस असला की पाटाचं पाणी कुठून पाझरेल सांगता येत नाही. म्हणून खालून आणि चारी बाजूंनी शहाबादी फरशीचं पेटीसारखं वॉटरप्रूफिंग केलं. वाळवीचा बंदोबस्त पाया भरण्याआधीच उरकला, नंतर खोलीत औषध फवारायचं म्हणजे वास कायमचा.

त्याच्या आत माझं काम. भिंतीला, छताला आणि जमिनीलाही पफचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचे, जाड पॅनेल. "जमिनीला कशाला?" असं गवंड्याने विचारलं. विहिरीची बादली आठव म्हटलं. खालची माती सव्वीस अंशांची आहे, ती रात्रंदिवस खोली तापवत राहणार. पफच्या बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूला प्लॅस्टिकचा जाड, सांधे चिकटवलेला कागद. हा कागद चुकून आतल्या बाजूला लावला की बाहेरची दमट हवा पफमध्ये शिरून तिथे पाणी धरते, आणि दोन पावसाळ्यांत भिंत आतून सडते. खोल्या बिघडतात त्या बहुतेक इथेच, यंत्रात नाही.

पुण्याहून आलेल्या एका इंटिरियरवाल्याने काचेचा मोठा दरवाजा आणि आत रंगीत दिवे काढून दाखवले होते. आमच्या पावसाळ्यात तेरा अंशांची काच बाहेरून घळाघळा पाणी गाळते, आणि उजेड वाईनला सोसत नाही. बाटल्या गडद रंगाच्या उगाच नसतात. दार शेवटी कोल्ड स्टोरेजचंच बसवलं, वरून सागाची फळी. मांडणीही सागाची, पण बिनपॉलिशची, कारण पॉलिशचा वास बंद खोलीत राहतो. घरं करताना सुताराला एक रिकामी बाटली हातात दिली आणि सांगितलं, याहून थोडी जाड बाटलीही यायची आहे. शँपेनसारख्या फेसाळ वाईनच्या बाटल्या पोटाला मोठ्या असतात. मापात बसवलेल्या घरात त्या अडकतात.

यंत्राबाबत सगळीकडे एकच गैरसमज दिसतो : दीड टनाचा एसी लावला की झालं. घरगुती एसी सोळाच्या खाली जात नाही. त्याची कॉइल खोलीपेक्षा फार थंड चालते आणि हवेतलं पाणी ओढून बाहेर फेकते. माणसाला ते बरं वाटतं, बूच मात्र वाळतं. द्राक्षांचं शिक्षण इथे कामी आलं. मोठी कॉइल घ्यायची, पंखा हळू ठेवायचा, कॉइल खोलीपेक्षा चार-पाच अंशच थंड चालवायची. मग गारवाही मिळतो आणि ओलही टिकते. कंप्रेसर बाहेर, वेगळ्या चौथऱ्यावर, खाली रबर, म्हणजे बाटल्यांना थरथर लागत नाही.

आता देखभाल. दादांना भिंतीवर लाल आकड्यांचा डिस्प्ले हवा होता, तो लावला. माझा भरवसा त्यावर नाही. एका रिकाम्या वाईनच्या बाटलीत पाणी भरून, बुचाला भोक पाडून सेन्सर आत सोडलाय आणि ती बाटली मधल्या रांगेत आडवी ठेवलीय. दार उघडलं की हवेचा आकडा लगेच उडतो, बाटलीतला हलत नाही. वाईनला जे वाटतंय ते ही बाटली सांगते. वीज गेली तरी म्हणून मी घाबरत नाही. खोली भरलेली असेल तर एवढा द्रव गरम व्हायला वेळ लागतो. फक्त दार उघडायचं नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे रोजचा चढउतार. वाईन फुगते, बूच ढकलते. आकसते, हवा ओढते. कायमचे सोळा अंश एकवेळ चालतील, पण दिवसा वीस नि रात्री बारा नको.

आर्द्रतेचा मीटर खरं बोलतोय का, हे बघायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. वाटीत मीठ, त्यावर चिखल होण्यापुरते पाण्याचे थेंब, वाटी आणि मीटर एका हवाबंद डब्यात. दुसऱ्या दिवशी मीटरने ७५ दाखवले पाहिजेत. दोन-तीन इकडेतिकडे असतील तर मी त्याच्या पाठीवर तेवढा फरक लिहून ठेवतो. उन्हाळ्यात ओल घसरली की ओल्या वाळूचं घमेलं आत ठेवायचं, पावसाळ्यात काढायचं. दाराची गॅस्केट उदबत्तीने तपासतो : पेटती उदबत्ती बाहेरून कडेने हळूहळू फिरवायची, धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फट. खोलीत पेटती उदबत्ती न्यायची नाही, हे दादांच्या आईंना पटवायला वेळ लागला. त्यांना तिथे रोज दिवाबत्ती करायची होती, कांद्याच्या दोन पोत्यांनाही जागा हवी होती. "काकू, इथं वासाची कुठलीच वस्तू नको," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग या बाटल्यांना काय अत्तर म्हणायचं का?"

आषाढात तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडी, अंथुर्णे करत जाते, तेव्हा मी चार दिवस फोन उचलत नाही. त्याआधी कॉइल धुऊन, गॅसचा दाब बघून, निचऱ्याची नळी मोकळी करून ठेवतो.

एक गोष्ट दादांना अजून पटत नाही. ते वाईन सोन्यासारखी साठवतात. न चाखणाऱ्या माणसाने सांगावं का असा प्रश्न आहे, पण वायनरीतल्या लोकांनीच सांगितलंय : आपल्याकडची बहुतेक पांढरी वाईन वर्ष-दोन वर्षांत आणि साधी लाल तीन-चार वर्षांत पिऊन टाकायची असते. जास्त टिकणाऱ्या थोड्या. गार खोली वाईनचं म्हातारपण लांबवते, थांबवत नाही. मी आता प्रत्येक घरावर खडूने साल लिहितो आणि दिवाळीत दादांना जुन्या बाटल्यांची यादी देतो. गेल्या दिवाळीत त्यातल्या निम्म्या तशाच राहिल्या.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर आधी बाटल्या मोजा. चाळीस-पन्नास असतील तर खोली बांधू नका, वाईनसाठीचं थंड कपाट विकत मिळतं, ते घ्या. बांधायचीच असेल तर पश्चिमेची भिंत टाळा, जमीन खणू नका, आणि पैसे आधी पफवर, बाहेरच्या कागदावर नि दारावर घाला. सागाची मांडणी पुढच्या वर्षीही होते. घरात किती बाटल्या ठेवता येतात यालाही कायद्याची मर्यादा आहे. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कचेरीत गवंडी बोलावण्याआधी जाऊन या.