पाव इंच

व्हेक्टर चित्राची ओळख करून देताना सगळे एकच गोष्ट सांगतात: कितीही मोठं करा, हे चित्र फाटत नाही. फोटो ताणला की त्यातले चौकोन दिसायला लागतात. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतातच, ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळत जाणारी रेघ’ एवढीच सूचना असते. म्हणून एकच फाइल व्हिजिटिंग कार्डावरही चालते आणि होर्डिंगवरही. हे सगळं खरं आहे. फक्त त्याची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. जे चित्र कुठल्याही आकारात चालतं, त्याला स्वतःचा असा आकार नसतो.

लोगोचं यात काही बिघडत नाही. ब्लाउजच्या कटोरीचं बिघडतं.

माझी आई शिवणक्लास चालवते. क्लासला येणाऱ्या बऱ्याच जणी शिकून झाल्यावर घरूनच ब्लाउज शिवून देतात, त्यावर घरखर्चाचा काही भाग चालतो. आईचे पॅटर्न खाकी कागदावर होते, हाताळून हाताळून कडा झिजलेले. त्यांची पुस्तिका करायची ठरली: कटोरी ब्लाउजचे ३२ ते ३८ छातीचे पॅटर्न, प्रत्यक्ष मापात, ए-फोर कागदावर. पान झेरॉक्स करायचं, कापायचं, कापडावर ठेवून खडूने आखायचं. कागदावरची चित्रं कॉम्प्युटरवर घ्यायला दोघा-तिघांनी मदत केली. ३२ आणि ३४ ची कटोरी इंकस्केपच्या नव्या आवृत्तीत झाली, ३६ ची कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवरच्या जुन्या इंकस्केपमध्ये, ३८ ची एका डीटीपीवाल्याकडे इलस्ट्रेटरमध्ये. सगळ्या एसव्हीजी फाइल्स गोळा करून पानं लावायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या प्रूफमध्ये ३८ ची कटोरी सगळ्यांत लहान आली. क्लासमध्ये हशा पिकला, आणि ती लगेच बाजूला काढली. ३६ च्या कटोरीकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही, कारण ती ३४ च्या शेजारी अगदी शहाण्यासारखी बसली होती. आईने सवयीने टेप लावली. जिथे ४ इंच हवे होते, तिथे पावणेचार भरले.

पाव इंच कागदावर डोळ्यांना दिसत नाही. ब्लाउजमध्ये कटोऱ्या दोन, म्हणजे अर्धा इंच झाला. त्यात बाकीचे तुकडेही त्याच प्रमाणात आखडलेले. ब्लाउजपीस असतो ८० सेंटीमीटर नाहीतर १ मीटर, तोही गिऱ्हाइकाच्या साडीचा. तो चुकीचा कापला तर दुसरा मिळत नाही, आणि त्याचे पैसे शिवणारीच्या मजुरीतून जातात.

हा पाव इंच गेला कुठे? एसव्हीजीमध्ये बहुतेक वेळा माप पिक्सेलमध्ये लिहिलेलं असतं, आणि एका इंचात किती पिक्सेल याचं उत्तर प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं आहे. जुनं इंकस्केप ९० धरायचं. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ धरतं, कारण वेबच्या सीएसएस नियमावलीत तोच आकडा आहे. इलस्ट्रेटर ७२ धरतो. म्हणजे ४ इंचांची रेघ जुन्या इंकस्केपमध्ये ३६० पिक्सेलची झाली. माझ्या लेआउटच्या प्रोग्रामने ३६० ला ९६ ने भागलं: ३.७५ इंच. इलस्ट्रेटरमधली तीच रेघ २८८ पिक्सेलची, तिला ९६ ने भागलं की ३ इंच. जुनी फाइल उघडताना इंकस्केप स्वतः निदान विचारतं की माप कसं धरू. माझ्या लेआउटच्या प्रोग्रामने काही विचारलं नाही. त्याने मुकाट्याने भागाकार केला.

गंमत म्हणजे हा पिक्सेलसुद्धा मुळात हातानेच मोजलेला आहे. सीएसएसच्या व्याख्येत तो एक कोन आहे: ९६ च्या घनतेच्या पडद्यावरचा एक ठिपका हातभर अंतरावरून, म्हणजे साधारण २८ इंचांवरून, डोळ्याला जेवढा दिसतो तेवढा. आपल्याकडे वीत आणि हात होते, आणि कुणाचा हात यावरून बाजारात भांडणं व्हायची. इथेही प्रश्न तोच. तुमच्या फोनवर ‘१ इंच’ म्हणून जे दिसतं, त्याला पट्टी लावून बघा. बहुधा तो इंच भरणार नाही. फोनला त्याची गरजही नाही, तिथे आपण दोन बोटांनी हवं तेवढं मोठं करून घेतो. कागदावर बोटं चालत नाहीत.

उपाय म्हणून पहिल्यांदा सुचतं ते हे की चित्राचा कोपरा माउसने धरून ओढायचा, शेजारच्या चित्राइतका दिसेपर्यंत. तो डोळ्यांचा अंदाज झाला, माप नव्हे. दुसरा मोह ‘फ्रेममध्ये बसवा’ या बटणाचा. त्याने चारही चौकटी सारख्या भरतात, पान नीटस दिसतं, आणि ३२ ची कटोरी ३८ च्या एवढी होते. आम्हाला चारही चित्रं सारखी नको होती, चौघींची पट्टी सारखी हवी होती.

खरा उपाय फाइलच्या आत, सुरुवातीच्याच एका ओळीत असतो. तिथे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. व्ह्यूबॉक्स सांगतो की चित्र स्वतःच्या हिशेबाने किती एकक रुंद आहे. विड्थ सांगते की कागदावर ते किती जागा घेणार. विड्थच्या पुढे पिक्सेलऐवजी इंच किंवा मिलिमीटर लिहिले की अंदाज संपतो: ३६० एककं म्हणजे ४ इंच, मग उघडणारा प्रोग्राम कुठलाही असो. ही ओळ दुरुस्त करून पीडीएफ काढली की पुढचं सोपं. पीडीएफचा पॉइंट पक्का आहे, इंचाचा ७२ वा भाग. टेक्‌ नावाच्या जुळणीच्या प्रोग्रामचा पॉइंट थोडा निराळा, इंचाला ७२.२७. दोन्हींची गल्लत झाली तर ४ इंचांत जेमतेम ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढा खडूच्या रेघेत मावतो.

पीडीएफ काढताना अजून एक निवड असते: पूर्ण पान घ्यायचं की फक्त चित्राभोवतीची चौकट. चौकट घेतली तर रेघेची जाडी मोजायची की नाही, हा पुढचा प्रश्न. आम्ही सगळीकडे पूर्ण पान घेतलं आणि लेआउटमध्ये १०० टक्क्यांवर ठेवलं. पान लावताना कुठेच काही लहान-मोठं करायचं नाही, एवढा एकच नियम.

हे सगळं आईला सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. कापडी टेप वापरून वापरून सैल होते, म्हणून ती मधूनमधून टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघते आणि वाढलेली टेप टाकून देते. मोठी चूक आपणहून ओरडते, असं तिचं म्हणणं. ३८ च्या कटोरीने कुणाचंही नुकसान केलं नसतं, ती कापायला कुणी धजलंच नसतं. भीती ३६ ची होती.

फाइल दुरुस्त झाली तरी झेरॉक्सचं दुकान उरतंच. तिथे ‘फिट टू पेज’ चालू असेल तर पान थोडं आखडून छापलं जातं, आणि तेही दिसत नाही. म्हणून पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर एका कोपऱ्यात २ इंचांचा चौकोन आहे. खाली आईच्या शब्दांत लिहिलंय: ‘आधी हा चौकोन मोजा. दोन इंच भरला नाही तर कात्री लावू नका.’

मागच्या महिन्यात क्लासमधल्या एकीने झेरॉक्सवाल्याकडे टेप नेली. चौकोन दोन सूत कमी भरला. तिने पानं परत केली, १०० टक्क्यांवर छापायला लावली आणि पैसे एकदाच दिले.