नुसता फ्रंट व्ह्यू

फर्स्ट इयरला एन. डी. भट्टचं पुस्तक काखेत मारून आपण सगळ्यांनीच ड्रॉइंगच्या शीट्स घासल्या आहेत. नुसत्या फ्रंट व्ह्यूवरून वस्तू ओळखू नका, हा त्यातला पहिला धडा! हाच धडा डॉक्टरी विद्येतही लागू पडतो, हे मला मुलुंडच्या काकांमुळे कळलं.

काकांच्या खोकल्यातून रक्त पडलं. चमचाभरच, पण लालभडक. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द, पण उच्चारायला कोणी तयार नाही : टीबी. एक्स-रे काढला, तर तो नॉर्मल! आजीने देवापुढे साखर ठेवली. "घसा सोलवटला असेल," म्हणत काकांनी सिगरेट पेटवली. पण आमचे फॅमिली डॉक्टर काही केल्या सोडेनात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. एक्स-रे म्हणजे छातीची सावली. हृदयाच्या मागे काय दडलंय, श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीवर बारीकशी गाठ आहे का, हे त्यात दिसेलच असं नाही. पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं सिगरेट. अशाला 'क्लिअर' म्हणून घरी पाठवणं म्हणजे जुगारच!

मग रीतसर शोध सुरू झाला. आधी, रक्त नक्की कुठलं? नाकातलं, हिरड्यांतलं की पोटातलं? पोटातलं रक्त उलटीतून येतं, बहुधा काळपट. फुफ्फुसातलं लाल आणि फेसाळ. मग रक्ताच्या तपासण्या आणि थुंकीची टीबीसाठी तपासणी, कारण एक्स-रे नॉर्मल असला तरी टीबी असू शकतो. ती निगेटिव्ह आली. मग सीटी स्कॅन, आणि शेवटी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण.

इथे आपली इंजिनिअर मंडळी कामाला आली बरं का! सीटीचा जनक हाउन्सफिल्ड हा इंजिनिअर. त्याने 1971 मध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन केला आणि 1979 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवलं. काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचं तंत्र 1954 मध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबच्या नरिंदरसिंग कपानींनी दाखवलं. तेच तंत्र वापरून पुढे जपानच्या डॉ. इकेदांनी लवचिक ब्रॉन्कोस्कोप घडवला.

काकांच्या सीटीत, बरोब्बर हृदयामागे, डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या दिसल्या. ब्रॉन्किएक्टॅसिस. दुर्बिणीत गाठ सापडली नाही. ते कळेपर्यंतचे चार दिवस काकू जेवली नाही म्हटलं तरी चालेल. दुखणं पूर्ण बरं होणारं नाही, पण सांभाळता येतं. सिगरेट मात्र सुटली. काही जणांत सगळं करूनही कारण सापडत नाही. तरीही डॉक्टर त्यांच्यावर लक्ष ठेवतात.

हे सगळं हॉस्टेलच्या मासिकात कशाला? कारण आपण एका खोलीत तिघं-चौघं राहतो, रात्रभर खोकतो आणि घरी फोनवर "मी मजेत" सांगतो. बेसिनमध्ये रक्त दिसलं तर नळ सोडून देऊ नका. रूममेटला सांगा, रेक्टर सरांना सांगा. जास्त रक्त पडलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा. अशा वेळी रक्त जाण्यापेक्षा गुदमरण्याचा धोका मोठा असतो. टीबी निघालाच तर सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. लाज कसली? सबमिशन पुढे ढकलता येतं, श्वास नाही!