ठाकुर्ली ते कल्याण

ठाकुर्ली म्हणजे रेल्वेच्या जुन्या चोळा वीजघराचं गाव. सकाळी आम्ही इथून कल्याणची धीमी लोकल पकडतो. महिलांच्या डब्यात बुरख्यातल्या मुली वह्या चाळत असतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाण परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले. १० तारखेच्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. देशभर ओरड झाली, तेव्हा १२ तारखेला त्यांनाही बोलावलं. म्हणजे बोललं की फरक पडतो! काबूलशी संबंध ठेवावेत. तिथल्या गरिबांना धान्य-औषधं हवीतच. पण २०२१ पासून सहावीपुढच्या मुलींना शाळा बंद आहे, हेही त्याच बैठकीत मांडावं. इल्म तर मर्द-औरत दोघांवर फर्ज!

डब्यात एकीने विचारलं, "टीचर, तिथली सातवीची मुलगी सकाळी उठून काय करते?"

कल्याण आलं.