कालव्याच्या वरचे सोयरे

मासळीची हौस आणि मित्राची जुनी मॅटाडोर, एवढ्या भांडवलावर आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या काठी राहायला गेलो. गाडीत लाकडी बाज ठोकलेली, मागच्या दाराशी स्टोव्ह. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गाडी पाण्याला भिडवून लावत होतो, तोच खांद्यावरचं जाळं न उतरवता एक भोईमामा म्हणाले, "तिथं नगा लावू, गाळ हाय. वर येलदरीला पाणी सुटलं की रातीतून काठ सरकतो." येलदरीच्या वीजघरातून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वरला अडवून कालव्यात सोडतात, हे मी शाळेत शिकलो होतो. काठ सरकण्याचं कुणी बोललं नव्हतं. मामांनी गाडी मुरमाच्या चढावर घ्यायला लावली, चाकांना दगड लावले आणि मग विचारलं, "कुणीकडचे?"

"वसमतचे."

"म्हंजी कालव्याखालचे," असं म्हणून ते मामींकडे बघून हसले.

ते हसू का आलं ते रात्री कळलं. मामी मरळ राखेनं चोळून चोळून तिचा बुळबुळीतपणा काढत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, सासऱ्यांचं रान इथंच होतं, पाण्याखाली. धरण १९६८ साली पुरं झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की विहिरीचं बांधकाम उघडं पडतं. त्याच्या आसपास ते गाळपेर करतात, वाळकं आणि टरबुजं लावतात. बापाच्या रानात, पण आता सरकारच्या परवानगीनं. बाकी वर्ष थर्माकोलच्या तराफ्यावर. संध्याकाळी जाळं टाकायचं, झुंजूमुंजू होताना उचलायचं. रोहू, कटला लागले तर बरं, नुसत्या चिलापीवर भागत नाही.

माझा घास तोंडातच फिरत राहिला. आमचं रान कालव्यानं भिजलं म्हणून ज्वारीच्या जागी ऊस आला, हळद आली. बहिणीचं लग्न आणि माझं वसतिगृह, दोन्ही त्याच पाण्यावर निभावलं. घरात याचं श्रेय वडिलांच्या कष्टाला जायचं आणि उरलंसुरलं औंढ्याच्या नागनाथाला. कालव्याच्या वरच्या अंगाला कुणाची विहीर बुडाली असेल, हा विषय कधी निघालाच नाही.

मामांनी मात्र ते बोलून दाखवलं नाही. निघताना मी पैसे पुढे केले, तर त्यांनी काटा आणून बरोबर न्यायची मासळी तोलली आणि तिचेच तेवढे घेतले. "सोसायटीचा माल, त्याचा हिशोब चोख. जेवणाचे कसले पैसे?"

तेव्हापासून दरसाल आमच्या घरची हळद तिकडं जाते. पिशवी रिकामी परत करायची नाही हा मामींचा नेम, म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडं वाळकं येतात. हळद देऊन फिटेल असं हे नाही, हे वडिलांनाही ठाऊक होतं. शेवटच्या वर्षापर्यंत ते पाठवायची हळद स्वतः निवडायचे.

२०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी मामांना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग आता समदे हळदच लावतील. उन्हाळी पाळ्या वाढतील का?"

"वाढतीलही."

"वाढल्या तर आधी कळव. पाणी लवकर उतरंल, वाळकं आगाप टाकता येतील."