चौकटीवरच्या रेघा

आमच्या पुण्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला एक जुनी चौकट आहे. दिवाळीपूर्वी सगळ्या घराला रंग द्यायचा झाला तरी तिला कुंचला लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. कारण तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा आहेत. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपला, की मी मुलाला चौकटीला टेकवून उभा करी, डोक्यावर पट्टी धरून रेघ ओढी आणि शेजारी साल लिही. चिरंजीव हळूच टाचा उंचावीत आणि त्यांच्या मातोश्री त्या खाली दाबून धरीत. रेघा वर चढत चढत एक दिवस माझ्या डोक्यावरून गेल्या. मग चिरंजीवही गेले, ते थेट कॅनडात!

ह्या चौकटीची आठवण मला एका हिमनदीच्या काठी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०२५च्या ऑगस्टात मी कॅल्गरीला मुलाकडे होतो. "बाबा, तुम्हांला बर्फाच्या नदीवर चालवून आणतो," तो म्हणाला. माझ्या गुडघ्यांनी विरोध केला. पण दहा वर्षांच्या नातवापुढे म्हातारपणाची सबब सांगणे जिवावर आले. बान्फला मुक्काम करून आम्ही भल्या सकाळी मोटारीने निघालो. रॉकी पर्वताच्या कुशीतून दोन-अडीच तास गेल्यावर अथाबास्का हिमनदी दिसली. कोलंबिया नावाच्या अफाट हिमक्षेत्रातून ती खाली उतरते. ह्या हिमक्षेत्राचे पाणी म्हणे तीन महासागरांना जाऊन मिळते. एवढा दानशूर डोंगर मी पाहिला नव्हता.

वाटाडी एक हसतमुख तरुणी होती. तिने आम्हांला बुटांखाली बांधायचे लोखंडी दात दिले आणि बजावले, "माझ्या मागोमाग, एका रांगेत चला." बर्फातल्या खोल भेगा वरच्या भुसभुशीत हिमाने झाकलेल्या असतात, म्हणून वाटाड्याशिवाय तिथे पाऊल टाकायचे नसते.

पण बर्फ यायच्या आधीच वाटेत एक खूण लागली. तिच्यावर आकडा होता : १९८२.

"हे तर माझे जन्मसाल!" मुलगा म्हणाला.

"त्या वर्षी हिमनदीची कड इथे होती," वाटाडी म्हणाली.

नातवाने इकडेतिकडे पाहिले. सगळीकडे नुसते दगडगोटे. "मग आता बर्फ कुठे आहे?"

तिने दूर पुढे बोट दाखवले. चालता चालता १९९२ची खूण आली. त्या साली मुलगा ह्या नातवाएवढा होता. आणि बर्फ अजून पुढेच होता! सव्वाशे वर्षांत ही नदी दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे आणि तिचा निम्मा बर्फ वितळला आहे.

शेवटी बर्फावर पाय पडला. एका भेगेत डोकावलो, तर आत गर्द निळाई! वर्षानुवर्षांच्या हिमाच्या भाराने आतली हवा दबून निघून जाते आणि असा घट्ट बर्फ उजेडातला तांबडा रंग गिळून निळा तेवढा बाहेर सोडतो. मी जरा अधिकच वाकलो असेन. "बाबा, हात सोडू नका," मुलगा म्हणाला. हे वाक्य एके काळी लक्ष्मी रस्त्यावर मी त्याला म्हणत असे.

घरी परतल्यावर नातवाने मला दाराशी उभे केले. रेघांची चाल त्यांच्याकडेही आहे तर! "आजोबा, तुम्ही सांगता त्यापेक्षा तुम्ही दीड इंच कमी आहात!" सगळे हसले. टाचा उंचवायचा मोह मलाही झाला होता. पण सूनबाईंची नजर पायांवरच होती.

माझी रेघ खाली आली म्हणून मला वाईट वाटले नाही. ती यायचीच, आणि शेजारी नातवाची वर चढतेच आहे. पण त्या बर्फाच्या मागे हटण्याला वय कारण नाही. आमच्या धुरांनी तापलेली हवा कारण आहे, आणि तो पाहायला मीही विमानाने सातासमुद्रापलीकडे गेलो होतो. हा हिशेब माझ्या खात्यावरही आहेच.

नातवाने माझ्या रेघेशेजारी साल लिहिले आणि विचारले, "आजोबा, मी तुमच्याएवढा झाल्यावर तिथे जायला किती चालावे लागेल?"

मी मोठा बोलका माणूस. पण त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.