सिनेमातही आधी आम्हीच मरायचं का?



भूत नसतं, हे आम्हाला घरातच शिकवलं गेलं. त्यामुळे आम्ही कल्याणच्या पाच-सहा पोरांनी विनोदी हॉररपट करायला घेतला, तेव्हा विहारातल्या एका काकांनी विचारलं, “बावीस प्रतिज्ञा घेतलेली तुम्ही पोरं, भुताखेतांचे सिनेमे कशाला काढता?”

प्रश्न रास्त होता. आमचं उत्तर असं की आमचा सिनेमा ‘स्लॅशर’ आहे. यात खुनी माणूसच असतो, तोंडावर मुखवटा, हातात सुरा. माणसाला भीती माणसाचीच असते, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

पैसा नव्हता. दोन मोबाईल, उसना लाईट, रक्तासाठी साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग. पुनर्विकासासाठी रिकामी झालेली एक इमारत मिळाली, तिलाच आम्ही टॉवर केलं.

पटकथेत पहिला खून घरकाम करणाऱ्या बाईचा होता. भूमिका वस्तीतल्या मावशींना दिली. त्या खरंच चार घरची धुणीभांडी करतात. वाचन संपल्यावर त्या हसून म्हणाल्या, “काय रे पोरांनो, सिनेमातही आधी आम्हीच मरायचं का?”

आम्ही गप्प. समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस तिथे होता, पण पटकथेतली जात त्याला दिसली नव्हती. वॉचमन, कामवाली, सफाई कामगार यांना पहिल्या दहा मिनिटांत मारायचं आणि उरलेला वेळ फ्लॅटवाल्यांसाठी रडायचं, हा साचा आम्ही न विचारता उचलला होता.

अमेरिकेत काळ्या प्रेक्षकांनी हाच प्रश्न विचारला. 1968 च्या ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’चा काळा नायक रात्रभर प्रेतांशी लढून वाचतो आणि सकाळी बंदूकवाल्या गोऱ्यांच्या गोळीने मरतो. 2022 च्या ‘द ब्लॅकनिंग’ने तर यावर विनोदच केला: मित्रांचा सगळा गटच काळा, मग आधी कोण मरणार? त्याच वर्षी आलेल्या ‘झोंबिवली’ने डोंबिवलीतले टॉवर, शेजारची वस्ती आणि पाणी हा विषय हसत-घाबरवत मांडला. म्हणजे हा प्रकार फक्त टाईमपास नाही.

आम्ही पटकथा बदलली. आता खुनी मागे लागलेला असतानाही सोसायटीचा सेक्रेटरी मावशींना सांगतो, “ही लिफ्ट नाही, कामवाल्यांची मागे आहे!” तो तिथेच अडकतो. मावशी वाचतात, कारण वर्षानुवर्षं त्यांना मागच्या जिन्यानेच यायला लावलंय. तो जिना फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

आधी लोक मावशींना हसले असते, आता सेक्रेटरीला हसतील. फरक एवढाच, पण आमच्यासाठी मोठा.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर 2013 चा बंदी कायदा आहे, तरी आपली माणसं गटारात मरतात. तिथे मारणाऱ्याला मुखवट्याचीही गरज पडत नाही. म्हणून सांगतो, मोबाईल हातात घ्या, सिनेमे काढा. पण पटकथा आधी वस्तीत वाचून दाखवा.